उपग्रहाने मोजलेलं बाष्प फुग्याशी ताडून पाहताना

पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या दोन निरीक्षणवेळांसाठी हवामान खात्याच्या नागपूर केंद्रातून फुगा वर सोडला जातो. त्याला लटकलेली छोटी पेटी, म्हणजे रेडिओसाँड, वर जाता जाता दाब, तापमान आणि आर्द्रता रेडिओवरून खाली कळवत राहते. त्याच वेळी विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशाशी असलेला इन्सॅट-३डीआर हा उपग्रह तीच हवा वरून पाहत असतो. दोघांना प्रश्न एकच: नागपूरच्या डोक्यावर आत्ता किती बाष्प आहे? दोघांची उत्तरं क्वचितच तंतोतंत जुळतात.

हा लेख भौतिकशास्त्र, भूगोल किंवा वातावरणविज्ञान शिकणाऱ्या आणि पहिल्यांदाच अशी पडताळणी करू पाहणाऱ्यांसाठी आहे. थोडं पायथन येत असेल तर उत्तम, पण पहिले काही दिवस स्प्रेडशीटवरही भागतं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. नवख्याला पहिल्या आलेखात जो फरक दिसतो, त्यातला बराचसा भाग उपग्रहाची चूक नसतो. तो जोडी चुकीची लावल्याचा परिणाम असतो. वेळ वेगळी, जमिनीची उंची वेगळी, ढगाळ दिवस एका यादीत आहेत आणि दुसरीत नाहीत, असं काहीतरी झालेलं असतं. हे सगळं निस्तरून जे उरतं, त्यावरच उपग्रहाबद्दल काही बोलायचा अधिकार आपल्याला मिळतो.

दोघं नेमकं काय मोजतात

साँडचं काम समजायला सोपं आहे. फुगा साधारण सेकंदाला ५ मीटर या वेगाने चढतो. पाच किलोमीटरपर्यंत पोचायला त्याला पंधरा-सतरा मिनिटं लागतात आणि हवेचा दाब ३०० हेक्टोपास्कलवर उतरतो त्या पातळीपर्यंत, म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, अर्धा तास. त्याच्या आर्द्रतामापकाला ज्या हवेचा स्पर्श होतो, तेवढ्याच हवेची तो नोंद करतो.

उपग्रह बाष्प थेट मोजत नाही. इन्सॅटच्या साउंडरला, म्हणजे हवेचे थर वरून तपासणाऱ्या उपकरणाला, १८ अवरक्त चॅनेल आणि एक दृश्य प्रकाशाचा चॅनेल आहे. जमीन आणि हवा यांतून वर येणारे अवरक्त किरण तो मोजतो. साडेसहा ते साडेसात मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बाष्प हे किरण शोषतं आणि स्वतःच्या तापमानानुसार पुन्हा सोडतं. कुठल्या चॅनेलवर किती ऊर्जा आली, यावरून उलटा हिशेब करून आर्द्रतेचं चित्र काढावं लागतं. हे चित्र उपग्रहाच्या बरोबर खालच्या जागी सुमारे १० किलोमीटर रुंदीच्या ठिपक्याचं असतं आणि प्रत्येक चॅनेल काही किलोमीटर जाडीच्या थराचा एकत्रित परिणाम सांगतो.

म्हणजे एका बाजूला हवेतून ओढलेली बारीक रेघ, दुसऱ्या बाजूला एका रुंद, जाड ठोकळ्याची सरासरी. हवा जागोजागी सारखी नसते, त्यामुळे दोन्ही उपकरणं अचूक असली तरी आकडे वेगळे येतील. हा फरक शून्यावर आणता येत नाही. तो किती असू शकतो याचा अंदाज मात्र घेता येतो आणि घ्यायलाच हवा.

तुलनेसाठी सुरुवातीला एकच राशी घ्या: टोटल प्रेसिपिटेबल वॉटर, ज्याला सगळे टीपीडब्ल्यू म्हणतात. हवेच्या उभ्या खांबातलं सगळं बाष्प पाणी होऊन खाली साचलं तर त्याची उंची किती होईल, ते मिलिमीटरमध्ये. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर १ किलो पाणी.

सुरुवात नागपूरपासून, मुंबईपासून नाही

बहुतेकांना मुंबई घ्यायचा मोह होतो. सांताक्रूझचं स्थानक, क्रमांक ४३००३, जुनं आणि प्रसिद्ध आहे. पण दहा किलोमीटरच्या ठिपक्यात तिथे समुद्र, खाडी, इमारती आणि बोरिवलीकडचे डोंगर सगळंच येऊ शकतं. समुद्राचं तापमान रात्रंदिवस जवळपास तेच राहतं आणि जमिनीचं झपाट्याने बदलतं. अवरक्त मोजणीला या दोन्हींची सरमिसळ फार जड जाते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीची धार आहे. धारेच्या अलीकडची हवा आणि पलीकडची हवा पावसाळ्यात वेगळी असते.

नागपूर, क्रमांक ४२८६७, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, समुद्रापासून दूर, भोवताली मोठ्या डोंगररांगा नाहीत. शिकण्यासाठी अशीच जागा हवी. एक पूर्ण वर्ष घ्या, म्हणजे उन्हाळ्याची कोरडी हवा, पावसाळा आणि थंडी तिन्ही हाताखालून जातील. मी २०१८ किंवा २०१९ सुचवेन.

माहिती कुठून घ्यायची

साँडच्या नोंदी दोन ठिकाणी मोफत मिळतात. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहातून स्थानक क्रमांक आणि तारीख देऊन एकेक चढाई मजकुराच्या तक्त्यात घेता येते. अमेरिकेच्याच नोआ या संस्थेचा इग्रा नावाचा जागतिक संग्रह आहे, त्यात एका स्थानकाची सगळी वर्षं एकाच फाइलीत असतात. हाताने शिकताना वायोमिंग सोयीचं, वर्षभराचं काम करताना इग्रा.

उपग्रहाची माहिती अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. साउंडरच्या तयार उत्पादनात टीपीडब्ल्यू असतो, शिवाय तीन थरांचं बाष्प वेगवेगळं दिलेलं असतं: १००० ते ९००, ९०० ते ७०० आणि ७०० ते ३०० हेक्टोपास्कल. फाइली एचडीएफ५ या प्रकारच्या असतात, पायथनमधल्या एच५पाय किंवा एक्सअ‍ॅरे या साधनांनी उघडतात. फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक राशीचं एकक आणि ‘माहिती नाही’ यासाठी वापरलेला खुणेचा आकडा वाचणं. उणे ९९९ सारखी खूण सरासरीत मिसळली की सगळा हिशेब कोसळतो. सेंटिमीटर आणि मिलिमीटर यांची गल्लतही इथेच होते.

वेळेचं एक गणित भारतातल्या अभ्यासकाने पाठ करून ठेवावं. फुग्याच्या जागतिक वेळा ०० आणि १२ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच. ध्रुवीय कक्षेतले अनेक मोठे उपग्रह मात्र स्थानिक सूर्यवेळेनुसार दिवसा आणि रात्रीही साडेनऊ आणि दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. युरोपचे मेटॉप साडेनऊला. २००२ साली सोडलेला नासाचा अ‍ॅक्वा, ज्यावर एअर्स हा साउंडर आहे, तो बरीच वर्षं दीडला. चारही वेळा आपल्या फुग्यापासून सुमारे चार तास दूर पडतात. चार तासांत वळवाचा ढग उभा राहून बरसून जातो. म्हणून आपल्याकडे फुग्याशी जुळवायला कायम एकाच रेखांशावर राहून दर तासाच्या आसपास जमिनीचं चित्र घेणारा इन्सॅट फार मोलाचा आहे. भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्सचाही असा उपयोग होता. २०११ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांनी कललेली होती, त्यामुळे त्याची वेळ रोज सरकायची आणि फुग्याच्या वेळेशी अधूनमधून चांगली गाठ पडायची. त्यावरचा सफीर हा आर्द्रतामापक १८३ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींवर चालायचा, त्यामुळे पातळ ढगांनी त्याचं काम अडत नसे.

साँडवर आंधळा विश्वास नको

साँड हा आपला मापदंड आहे, पण त्यालाही खोडी आहेत. आर्द्रतामापक पातळ थराचा संधारित्र असतो. अतिथंड हवेत तो मंदावतो आणि खरी आर्द्रता बदलल्यावर काही वेळाने प्रतिसाद देतो. ढगातून जाताना ओला झाला किंवा त्यावर बर्फ धरला, तर ढगाबाहेर आल्यावरही काही काळ ‘संपृक्त’ असंच सांगत राहतो. दिवसा ऊन पडलं की मापक भोवतालच्या हवेपेक्षा गरम होतो आणि हवा आहे त्यापेक्षा कोरडी भासते. व्हैसाला कंपनीच्या आरएस९२ या एके काळी जगभर वापरल्या गेलेल्या साँडची कोस्टा रिकामध्ये भर दुपारी तपासणी झाली, तेव्हा दुरुस्ती न केलेल्या नोंदींत जमिनीजवळ सुमारे ९ टक्के आणि १५ किलोमीटरवर सुमारे ५० टक्के कोरडेपणा दिसला होता. पुढे त्यासाठी दुरुस्त्या बसवल्या गेल्या आणि नवीन साँडही आले.

पहाटे साडेपाचचा फुगा या उन्हाच्या दोषापासून बऱ्यापैकी सुरक्षित असतो. संध्याकाळच्या फुग्याला तिरपं ऊन लागू शकतं. म्हणून दोन्ही वेळांचे निकाल शेवटपर्यंत वेगळे ठेवा. दुसरं असं की भारतातल्या स्थानकांवर साँडचे प्रकार गेल्या काही दशकांत बदलत गेले. वीस-तीस वर्षांची मालिका घेऊन ‘बाष्प वाढलं’ किंवा ‘उपग्रह बिघडत गेला’ असं म्हणण्याआधी, मधे साँड बदलला का ते पाहणं अनिवार्य आहे. एका वर्षाच्या अभ्यासात हा धोका कमी असतो.

नोंद ठेवायची की टाकायची, यासाठी मी हे निकष लावतो: जमिनीपासून किमान ३०० हेक्टोपास्कलपर्यंत आर्द्रता दिलेली असावी, मधे ५० हेक्टोपास्कलपेक्षा मोठी पोकळी नसावी, खालच्या ३ किलोमीटरमध्ये तर मुळीच नसावी, दवबिंदू तापमानापेक्षा जास्त नसावा. हे निकष निकाल पाहण्याआधी ठरवा आणि नंतर बदलू नका. न आवडणारा ठिपका आलेखात दिसल्यावर त्याला गाळण्यासाठी नवा नियम शोधणं म्हणजे पडताळणीचा जीवच काढून घेणं.

फुग्यावरून टीपीडब्ल्यू काढणं

इथे एकदा तरी हाताने हिशेब करा. दवबिंदूवरून बाष्पदाब काढायचं प्रचलित सूत्र असं:

बाष्पदाब = ६.११२ × एक्स्प [१७.६७ × दवबिंदू ÷ (दवबिंदू + २४३.५)]

एक्स्प म्हणजे e चा घात. दवबिंदू सेल्सियसमध्ये, उत्तर हेक्टोपास्कलमध्ये. मग विशिष्ट आर्द्रता, म्हणजे एक किलो ओल्या हवेत किती बाष्प:

विशिष्ट आर्द्रता = ०.६२२ × बाष्पदाब ÷ (हवेचा दाब − ०.३७८ × बाष्पदाब)

समजा जुलैतल्या दमट दिवशी नागपूरला जमिनीवरचा दाब ९६८ हेक्टोपास्कल आणि दवबिंदू २४ अंश आहे. बाष्पदाब २९.८ येतो आणि विशिष्ट आर्द्रता किलोमागे १९.४ ग्रॅम. असंच वरच्या पातळ्यांवर काढत जा. आता प्रत्येक थरासाठी वरच्या आणि खालच्या आर्द्रतेची सरासरी घ्या, तिला थराच्या दाबातल्या फरकाने गुणा आणि ०.०१०२ ने गुणा. हा शेवटचा आकडा गुरुत्वाकर्षण आणि एककं यांतून येतो. उत्तर थेट मिलिमीटरमध्ये.

हिशेबासाठी घेतलेल्या आकड्यांवर हे असं दिसतं. विशिष्ट आर्द्रता ९६८ वर १९.४, ९२५ वर १६.६, ८५० वर १३.६, ७०० वर ८.८, ५०० वर ३.८ आणि ३०० वर ०.८ ग्रॅम.

९६८ ते ९२५: १८.० × ४३ × ०.०१०२ = ७.९ मिमी
९२५ ते ८५०: १५.१ × ७५ × ०.०१०२ = ११.६ मिमी
८५० ते ७००: ११.२ × १५० × ०.०१०२ = १७.१ मिमी
७०० ते ५००: ६.३ × २०० × ०.०१०२ = १२.९ मिमी
५०० ते ३००: २.३ × २०० × ०.०१०२ = ४.७ मिमी

बेरीज सुमारे ५४ मिमी. त्यातले ३६ मिमीहून अधिक, म्हणजे दोन-तृतीयांश, ७०० हेक्टोपास्कलच्या खाली, जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटरच्या आत आहे. फुग्याने हा भाग पहिल्या दहा मिनिटांत मोजलेला असतो. पुढे फुगा वाऱ्याने कुठे वाहत गेला याची टीपीडब्ल्यूपुरती फार काळजी करायचं कारण नाही, ती वरच्या थरांची तुलना करताना करावी.

प्रत्यक्षात फक्त ठरावीक पातळ्या न घेता साँडने दिलेल्या सगळ्या पातळ्या घ्या. आर्द्रता उंचीनुसार वक्र रेषेत घटते, त्यामुळे जाड थरांची साधी सरासरी थोडा जास्त आकडा देते. वायोमिंगच्या तक्त्यात ‘एमआयएक्सआर’ (मिक्सिंग रेशो) या स्तंभात किलोमागे ग्रॅम दिलेले असतात, पण ते कोरड्या हवेच्या किलोमागे. तेच विशिष्ट आर्द्रता समजून वापरले तर जमिनीजवळ सुमारे २ टक्के जास्त भरतं. त्याच तक्त्याच्या खाली त्यांनी स्वतः काढलेला प्रेसिपिटेबल वॉटरचा आकडा असतो. तुमचं उत्तर त्याच्याशी एका मिलिमीटरच्या आत जुळलं तर पुढे जा. पायथनमधल्या मेटपाय या संचात हे काम करणारं तयार फंक्शनही आहे, पण एकदा हाताने केल्यावर ते वापरा.

या टप्प्यावर अचूकतेचा अंदाजही बांधता येतो. दवबिंदूत १ अंशाची चूक झाली, तर २४ अंशांच्या आसपास बाष्पदाब सुमारे ६ टक्क्यांनी बदलतो. सगळ्याच पातळ्यांवर तशी चूक असेल, तर ५४ मधले ३ मिमी साँडकडूनच इकडेतिकडे होतात.

जोडी लावणं

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, म्हणून इथे वेळ द्या.

वेळ: फुगा प्रत्यक्षात ठरलेल्या निरीक्षणवेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी सुटतो. म्हणजे ०० यूटीसीच्या नोंदीतलं बहुतेक बाष्प पहाटे पाच-सव्वापाचच्या सुमारास मोजलं गेलेलं असू शकतं. उपग्रहाचं चित्र त्याच्या एका तासाच्या आत असावं. इग्रामध्ये सुटण्याची वेळ दिली असेल तर तीच वापरा.

अंतर: स्थानकाभोवती २५ किलोमीटरच्या आतले ठिपके घ्या. एकच जवळचा ठिपका घेण्यापेक्षा आतल्या सगळ्या स्वच्छ ठिपक्यांची सरासरी आणि त्यांच्यातला विखुरलेपणा दोन्ही नोंदवा. विखुरलेपणा जास्त असेल, तर त्या दिवशी हवाच जागोजागी वेगळी होती आणि त्या जोडीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जमिनीचा दाब: हा सापळा नागपूरला हमखास लागतो. उपग्रहाचा सगळ्यात खालचा थर कागदावर १००० हेक्टोपास्कलपासून सुरू होतो, पण आपल्या उदाहरणात नागपूरची जमीनच ९६८ वर आहे. १००० ते ९६८ ही हवा जमिनीखाली! तरीही कोणी साँडची खालची नोंद तशीच १००० पर्यंत ओढली, तर ३२ × १९.४ × ०.०१०२ म्हणजे ६ मिमीहून जास्त बाष्प हवेत नव्हे, हिशेबात तयार होतं. उपग्रहाच्या उत्पादनात जमिनीचा दाब कसा धरला आहे ते त्याच्या माहितीपत्रकातून पाहा आणि साँडचा हिशेब प्रत्यक्ष जमिनीपासूनच सुरू करा.

ढग: अवरक्त किरण ढगातून पार होत नाहीत, त्यामुळे साउंडरचं उत्पादन फक्त निरभ्र ठिपक्यांसाठी असतं. ठिपक्याच्या कोपऱ्यातला लहान ढग मात्र निसटून जाऊ शकतो. साँडच्या नोंदीत एखाद्या थरात सापेक्ष आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली असेल, तर तिथे ढग असण्याची दाट शक्यता आहे. अशी जोडी वेगळ्या यादीत टाका.

याचा परिणाम वर्षभराच्या यादीवर कसा होतो ते पाहा. जानेवारीत भरपूर जोड्या मिळतात, जुलैत तुरळक. ज्या महिन्यांत बाष्पाची माहिती सर्वाधिक हवी, त्याच महिन्यांत पडताळणी सर्वात दुबळी. यातून एक मोठी चूक उद्भवते: उपग्रहाची जुलैची सरासरी फक्त निरभ्र, म्हणजे तुलनेने कोरड्या, वेळांची असते आणि फुग्याची सरासरी सगळ्या दिवसांची. त्या दोन शेजारी ठेवल्या तर उपग्रह कोरडा मोजतो असं वाटतं. प्रत्येक मोजणी बिनचूक असली तरीही असंच वाटेल. म्हणून मासिक सरासऱ्यांची तुलना कधीही करू नका. आधी एकेक जोडी, तिचा फरक, आणि मग फरकांची सरासरी.

पहाट आणि संध्याकाळ वेगळी का

अवरक्त साउंडर खालच्या थरातलं बाष्प पाहतो ते जमीन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या आधारे. जमीन हवेपेक्षा खूप गरम असेल, तर मधलं बाष्प तिचे किरण अडवताना दिसून येतं. नागपूरला मे महिन्यात संध्याकाळी जमीन अजून तापलेली असते, त्यामुळे बाष्पाची छाप ठळक उमटते. हिवाळ्यातल्या पहाटे जमीन थंडगार, आणि कधी तिच्यावरची हवाच जास्त उबदार. जमीन आणि हवा जवळपास सारख्याच तापमानाची असली, की बाष्पाने किरण शोषून तितकेच परत सोडले, उपग्रहाला फरक कळायला मार्गच नाही. अशा वेळी खालच्या थराचा आकडा उपग्रहाच्या मोजणीतून कमी आणि उलटा हिशेब ज्या सुरुवातीच्या अंदाजापासून निघतो त्यातून जास्त येतो.

म्हणूनच टीपीडब्ल्यूनंतर लगेच तीन थरांची वेगवेगळी तुलना करा. साँडच्या नोंदीतून उपग्रहाच्याच तीन थरांच्या सीमा धरून बाष्प काढा. ७०० ते ३०० या थरात ६.५ ते ७.४ मायक्रोमीटरचे चॅनेल चांगलं काम करतात. जमिनीलगतच्या थरात ते दुबळे पडतात. टीपीडब्ल्यू जुळला आणि थर जुळले नाहीत, असंही होतं: खाली जास्त, वर कमी, आणि बेरीज बरोबर. नुसता टीपीडब्ल्यू पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

पूर्ण उभ्या आलेखाची तुलना करायची असेल, तर साँडचा बारीक आलेख उपग्रहाच्या नजरेतून पाहावा लागतो. त्यासाठी काही उपग्रहांच्या उत्पादनात अ‍ॅव्हरेजिंग कर्नल नावाचं कोष्टक दिलेलं असतं. ते सांगतं की प्रत्येक पातळीच्या उत्तरात खऱ्या हवेच्या कुठल्या थरांचा किती वाटा आहे. सुरुवातीचा अंदाज घ्यायचा, त्यात साँड आणि अंदाज यांच्या फरकाला कोष्टकाने गुणून मिळवायचं. जे येतं त्याच्याशी उपग्रहाचा आलेख ताडायचा. वर जाताना आणखी एक जपावं: साँडची सापेक्ष आर्द्रता शून्याखालीही द्रव पाण्याच्या संदर्भात दिलेली असते. उणे ४० अंशांवर पाणी आणि बर्फ यांच्या संपृक्त बाष्पदाबात सुमारे दीडपट फरक असतो, तेव्हा उपग्रहाची आर्द्रता कशाच्या संदर्भात आहे ते तपासल्याशिवाय टक्के शेजारी ठेवू नका.

आकडेवारी: कमी, पण नेमकी

फरक नेहमी ‘उपग्रह वजा साँड’ असाच काढा आणि तसं लिहून ठेवा. मग सरासरी फरक, फरकांचं प्रमाण विचलन आणि आरएमएसई (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) हे तीन आकडे पुरेत. सरासरी फरक उणे २ मिमी आणि विचलन ४ मिमी असेल, तर आरएमएसई साडेचारच्या आसपास येईल, कारण पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजे तिसऱ्याचा वर्ग.

सहसंबंध गुणांक द्यायचाच असेल तर ऋतूनिहाय द्या. वर्षभराच्या जोड्यांत तो ०.९ च्या वर सहज जातो, कारण जानेवारीत हवा कोरडी आणि जुलैत ओली, हे कुठल्याही उपकरणाला कळतं. त्यावरून उपग्रह चांगला ठरत नाही.

जोड्यांची संख्या प्रत्येक आकड्याशेजारी हवी. विचलन ४ मिमी आणि जोड्या १६ असतील, तर सरासरी फरकातच १ मिमीची अनिश्चितता आहे. ‘उपग्रह १ मिमीने ओला’ हे विधान तिथे टिकत नाही. शंभर जोड्या असतील तर अनिश्चितता ०.४ मिमीवर येते. टक्केवारीतला फरक वरच्या कोरड्या थरांत भलता फुगतो, कारण अगदी लहान आकड्याने भागलं जातं. तिथे मूळ एककातले आकडेच द्या.

स्वतंत्र साक्ष आणि तिसरा साक्षीदार

उपग्रहाचा उलटा हिशेब कुठल्यातरी सुरुवातीच्या अंदाजापासून निघतो, आणि तो अंदाज बऱ्याचदा हवामानाच्या संगणकीय प्रारूपाकडून घेतलेला असतो. त्या प्रारूपात आधीच्या फुग्यांच्या नोंदी शिरलेल्या असतात. म्हणजे नागपूरच्या फुग्याशी उपग्रह जुळला, यातलं काही श्रेय नागपूरच्याच कालच्या फुग्याचं असू शकतं. याला उपाय साधा आहे: प्रारूपाचा तोच अंदाज घेऊन त्याचीही साँडशी तुलना करा. उपग्रहाचं उत्तर अंदाजापेक्षा साँडच्या जवळ गेलं असेल, तरच उपग्रहाने काही भर घातली. ही तुलना नसलेली पडताळणी माझ्या मते अर्धीच आहे.

तिसरा साक्षीदार म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांचे जमिनीवरचे ग्राहक. बाष्पामुळे त्यांचे रेडिओ संकेत किंचित उशिरा पोचतात. बाष्पापायी डोक्यावरच्या दिशेने सुमारे साडेसहा मिलिमीटर इतकी वाढीव वाट दिसली, तर हवेत साधारण १ मिमी टीपीडब्ल्यू आहे असं समजतात. ढग असोत वा नसोत, दिवस असो वा रात्र, ही मोजणी चालू राहते. हैदराबाद आणि बंगळूर इथे आंतरराष्ट्रीय जाळ्यातली अशी स्थानकं आहेत आणि त्याच शहरांत फुगेही सुटतात.

तीन स्वतंत्र मोजण्या हाताशी असल्या की कोणाची चूक किती हे वेगळं काढता येतं. समजा फरकांच्या विचलनाचे वर्ग असे आले: उपग्रह-साँड १६, उपग्रह-जीपीएस १३, साँड-जीपीएस ५. तिघांच्या चुका एकमेकांशी संबंधित नसतील, तर उपग्रहाच्या चुकीचा वर्ग (१६ + १३ − ५) ÷ २ = १२. त्याच रीतीने साँडचा ४ आणि जीपीएसचा १. म्हणजे उपग्रहाची चूक साडेतीन मिमी, साँडची २ आणि जीपीएसची १. नुसती दुहेरी तुलना केली असती, तर सगळी ४ मिमी उपग्रहाच्या नावावर जमा झाली असती. साँडच्या दोन मिलिमीटरमध्ये त्याच्या मापकाचा दोष आहे, तसंच तो एका रेघेचीच हवा मोजतो याचाही वाटा आहे.

टिपण लिहिताना

निकालाच्या तक्त्यात महिना, पहाट किंवा संध्याकाळ, जोड्यांची संख्या, तिन्ही थर आणि टीपीडब्ल्यूचा सरासरी फरक व विचलन, एवढे रकाने ठेवा. तक्त्याखाली वेळेची आणि अंतराची मर्यादा, ढगांची चाळणी, साँडचा प्रकार आणि उपग्रहाच्या उत्पादनाची आवृत्ती लिहा. आवृत्ती बदलली की उलट्या हिशेबाची पद्धत बदललेली असू शकते, आणि मग जुने-नवे आकडे एका रेषेत ठेवता येत नाहीत. टाकून दिलेल्या जोड्या किती आणि कुठल्या कारणाने टाकल्या, तेही द्या. वाचणाऱ्याला तुमचंच काम पुन्हा करून पाहता यायला हवं.

नागपूरचं वर्ष पुरं झालं की तोच प्रोग्राम छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकावर, क्रमांक ४३०१४, चालवा. जमीन आणखी उंच आहे, त्यामुळे जमिनीच्या दाबाची तुमची दुरुस्ती खरी आहे का ते तिथे लगेच कळेल. त्यानंतर मुंबई आणि पणजी घ्या, आणि तिथे समुद्रावरचे ठिपके व जमिनीवरचे ठिपके सुरुवातीपासून दोन वेगळ्या याद्यांत ठेवा.